व्हॉल्व्ह ट्रान्समीटरचा 'चिर्प' कसा गेला (माझा अनुभव)

माझ्या व्हॉल्व्ह (निर्वात नळी) ट्रान्समीटरवरून 7 मेगाहर्ट्झवर मोर्स पाठवताना की (मोर्सचं बटण) दाबताच टोन पक्ष्यासारखा 'चिऊंऽ' करून घसरायचा. हार्टले ऑसिलेटर (फ्रिक्वेन्सी तयार करणारा भाग) 6एसजे7 व्हॉल्व्हचा, पुढे सिग्नल वाढवणारा 6एल6 व्हॉल्व्ह, दोघांचे कॅथोड (व्हॉल्व्हचं ऋण टोक) एकाच कीवर. व्हॉल्व्ह बदलला, फिल्टर कपॅसिटर वाढवला, की घासली, काही फरक नाही. तीन रविवार गेले, जाम वैताग आला.

मग मीटर लावून बघितलं तर की दाबताच 300 व्होल्ट सप्लाय 270वर येत होता, आणि ऑसिलेटरचा व्होल्टेज हलला की फ्रिक्वेन्सी हलणारच.

आधी सप्लाय बंद करून कपॅसिटर डिस्चार्ज केले (हे विसरूच नका, जिवावर बेततं). मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला 5 किलोओहम 10 वॅटचा रेझिस्टर सप्लायमधून सिरीजमध्ये घातला, त्याच्या पुढच्या टोकाला व्हीआर150 (व्होल्टेज 150वर स्थिर ठेवणारी गॅसची नळी) चा अॅनोड (धन टोक), कॅथोड ग्राउंडला, आणि तिथूनच ऑसिलेटर व्हॉल्व्हच्या प्लेट आणि स्क्रीन या टोकांना 150 व्होल्ट. व्हीआरला 5 ते 40 मिलिअँपिअर लागतात, माझ्याकडे की दाबलेली असताना ऑसिलेटरचा करंट जाऊन त्याला 16 उरतात. व्हीआरला समांतर 0.1 मायक्रोफॅरडपेक्षा मोठा कपॅसिटर लावू नका, नाहीतर व्हीआर स्वतःच ऑसिलेट व्हायला लागतो.

शेवटी की फक्त 6एल6च्या कॅथोडला ठेवली, ऑसिलेटर चालूच, रिसीव्ह करताना वेगळ्या स्विचने बंद.

आता की दाबली तरी व्हीआरचा जांभळा उजेड विझत नाही आणि टोन सरळ येतो.