मतिमंद निवासी संस्थेची तपासणी करताना या चुका टाळा

सकाळी अकराला गाडी गेटवर येते. मुलं धुतलेल्या गणवेशात ओळीने उभी, हातात गुलाबाची फुलं. स्वागतगीत होतं, ऑफिसात चहा-पोहे होतात, रजिस्टरांचा गठ्ठा पुढे येतो आणि दीडच्या आत शेरेबुकात ‘कामकाज समाधानकारक’ लिहिलं जातं. विशेष शिक्षिका म्हणून मी अशा पथकांबरोबर गेले आहे. माझा धाकटा भाऊ सोलापुरातच एका निवासी कार्यशाळेत राहतो, त्यामुळे गाडी निघून गेल्यानंतरची संध्याकाळही मला ठाऊक आहे. तपासणीला जाणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे, आणि आपलं माणूस ठेवण्याआधी संस्था बघायला जाणाऱ्या आईवडिलांसाठीही.

कळवून जाणं, आणि तेही सकाळी

सकाळी कुठलीही संस्था बरी दिसते. दुपारी तीनला जा, रात्री जेवणं झाल्यावर जा. मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत कोण झोपलंय ते बघा. फिट्सवरच्या टोपिरामेटसारख्या काही औषधांनी घाम कमी येतो, आणि ज्याला पाणी मागता येत नाही त्याला कुणीतरी आठवणीने द्यावंच लागतं. माठ त्याच्या हाताच्या उंचीवर आहे का?

सोलापूर शहरात पाणी काही दिवसांआड येतं. म्हणून पाणी सुटण्याच्या आदल्या दिवशी जाऊन शौचालयाचा नळ स्वतः उघडा.

रात्रीच्या पाळीबद्दल अधीक्षकांना विचारू नका, मावशींना विचारा: काल रात्री कोण होतं? ते नाव हजेरीपटाशी जुळवा. मुलींच्या बाजूला रात्रभर बाई असायलाच हवी, गेटवरचा वॉचमन तिच्या जागी धरायचा नाही.

चादर बघून गादी न बघणं

एकदा सगळ्या पलंगांवर नव्याकोऱ्या सोलापुरी चादरी होत्या. घडीच्या रेघा तशाच, खळीचा वास तसाच. एक चादर उचलली तर खालची गादी कडेपर्यंत कुजलेली. तेव्हापासून मी तीन पलंग उचकून बघते, आणि टूथब्रश हातात घेते. सकाळी दात घासले असतील तर ब्रशच्या मुळाशी ओल असते.

औषधाच्या रजिस्टरवर विश्वास

महिनाभराच्या खुणा एकाच पेनाने, एकाच दमात केलेल्या असतील तर थांबा. उद्याच्या रकान्यातही खूण असलेली मी पाहिली आहे. गोळ्या मोजा: एक तारखेला साठ गोळ्या आल्या, दिवसाला दोन लागतात, तर पंधरा तारखेच्या रात्री तीस उरायला हव्यात. जास्त उरल्या तर डोस चुकलेत. फिट्सचं औषध अचानक तुटलं तर जीवघेणी फिट येऊ शकते, म्हणून हा हिशेब पैशाच्या हिशेबाआधी करा.

‘त्याचा स्वभावच तसा आहे’ हे मान्य करणं

मला सर्वांत जास्त छळणारी चूक ही. विशीतला एक मुलगा दिवसभर उजव्या कानावर चापट्या मारून घ्यायचा. फाइलमध्ये ‘आक्रमक’ असा शेरा, आणि शांत राहावा म्हणून गोळीचा डोस दोनदा वाढवलेला. त्याच्या उशीवर पिवळट डाग होता, उजवीकडेच. कान-नाक-घसा डॉक्टरांनी बघितलं तर कानात पू. उपचार झाले आणि चापट्या थांबल्या. इतके दिवस तो दुखणंच सांगत होता, त्याला येत होतं त्या भाषेत.

म्हणून वागणं बदललं असेल तर आधी कान, दात, बद्धकोष्ठता, लघवीची जळजळ हे तपासलं का, असं विचारा. फिट्सवरच्या फिनिटॉइनने हिरड्या सुजतात, चावताना दुखतं, मग माणूस ताट ढकलतो. डाऊन सिंड्रोम असेल तर थायरॉइडची तपासणी शेवटची कधी झाली? दरमहा वजन घेतलं जातं का? डोस वाढवला तो कुणी, कशासाठी, आणि कमी कधी करणार, हे कागदावर असायला हवं.

मराठीत विचारून ‘बोलत नाही’ लिहिणं

सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडे कन्नड. ‘वाचा नाही’ अशी नोंद असलेली एक मुलगी माझा हात धरून ‘नोप्पी, नोप्पी’ म्हणत होती. तेलुगूत नोप्पी म्हणजे दुखणं. त्या भाषेचं माणूस बरोबर न्या.

अधीक्षक बाजूला असताना ‘जेवण आवडतं का रे?’ विचारलं की उत्तर ‘हो’च येतं. त्यांना बाहेर बसवा. काल रात्री काय जेवलास, दुखलं तर कुणाला सांगतोस, तुझे कपडे कुठे असतात, दाखव, असं विचारा. ज्याला बोलताच येत नाही त्याच्या शेजारी एक अख्खं जेवण होईपर्यंत बसा. गिळायला त्रास असलेल्याला कडक भाकरी न भिजवता दिली, की ती घशात अडकते. आडवं झोपवून घाईघाईने भरवणंही तितकंच धोक्याचं.

कागद

तेही बघा, पण शेवटी. दिव्यांग हक्क कायदा 2016 च्या कलम 50 प्रमाणे नोंदणी, विशेष शिक्षकांचा पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक, प्रत्येकाचं युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), निरामय हा दिव्यांगांचा आरोग्य विमा.

गंभीर काही सापडल्यावर तिथेच ओरडाआरडा

अंगावर वळ दिसले, बाहेरून कडी दिसली, तर संशयिताच्या देखत त्या मुलाला प्रश्न विचारू नका. तुम्ही निघून गेल्यावर रात्र त्याला तिथेच काढायची असते. आधी त्याची त्या रात्रीची सोय लावा. दिव्यांग हक्क कायद्याच्याच कलम 7 खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे तहसीलदारांकडेही, तक्रार करता येते आणि ते सुटकेचा व संरक्षणाचा आदेश देऊ शकतात. अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पोक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘संस्थेचं नाव खराब होईल’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

आणि शेरेबुकात ‘स्वच्छता राखावी’ लिहू नका. ‘मुलांच्या बाजूच्या दुसऱ्या शौचालयाचा नळ बंद, 7 दिवसांत दुरुस्त करावा’ असं लिहा. आठव्या दिवशी न कळवता जा आणि आधी तोच नळ उघडून बघा.