प्लास्टिकच्या छोट्या फिश टँकचं पाणी थंडीत कोमट कसं ठेवायचं

डिसेंबर-जानेवारीत नाशिक, निफाड, पुण्याकडे रात्री पारा 10 च्या आसपास येतो, टेबलावरच्या छोट्या टँकचं पाणी पण गार पडतं आणि मग फायटर (बेट्टा) मासा तळाशी गपगार बसून राहतो, दाणे टाकले तरी बघत नाही. त्याला 25 ते 27 डिग्री लागतं. गोल्डफिश असेल तर हीटर घेऊच नका, तो थंड पाण्यातलाच मासा (आणि खरं तर एवढ्याशा टँकमधला नाहीच).

सगळ्यात आधी, आंघोळीच्या पाण्याची रॉड टँकमध्ये अजिबात नाही. हसू नका, "दोनच मिनिटं" म्हणून घालणारे लोक आहेत. ती हजार-दीड हजार वॅटची असते, शॉकची भीती आहेच, वर मासा शिजेल आणि टँक वितळेल ते वेगळंच. उकळतं पाणी ओतणं पण नको.

दहा लिटरच्या टँकला 25 वॅटचा, थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद-चालू करणारा भाग) असलेला, पाण्यात पूर्ण बुडणारा हीटर पुरतो. मोठा घेतला तर लवकर तापेल असं वाटतं पण थर्मोस्टॅट अडकला की एवढ्याशा पाण्याचं तासाभरात काय होईल विचार करा. सोबत प्लास्टिकची जाळी म्हणजे हीटर गार्ड घ्याच, कारण हीटरची काच टँकच्या भिंतीला चिकटून राहिली तर तेवढ्या जागी प्लास्टिक मऊ पडून फुगतं आणि कधीतरी गळायला लागतं. भिंतीपासून बोटभर तरी अंतर हवं, खालच्या खड्यांत पण खुपसू नका. हीटरला भिंतीवर धरून ठेवणारे रबरी सक्शन कप जुने झाले की निसटतात, ते अधूनमधून दाबून बघा.

हीटर पाण्यात ठेवून 15-20 मिनिटं थांबा, मगच स्विच ऑन. वायर सॉकेटच्या खालपर्यंत लोंबून मग वर प्लगला जाऊ दे, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली टपकेल. हीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका, वेगळा थर्मामीटर लावा आणि तापमान तासाला एखाद डिग्रीच्या वर वाढवू नका, पहिल्या दिवशी तर घरात कोणी असतानाच चालू ठेवा.

पाच लिटरच्या आतला डबा असेल तर हीटर त्यात नकोच. एखादा जुना काचेचा टँक असेल तर त्यात पाणी भरा, हीटर त्यात लावा आणि हा डबा मधोमध उभा ठेवा, बाहेरच्या पाण्याची ऊब हळूहळू आत पोचते.

पाणी बदलताना आधी प्लग काढा, हीटर गार होऊ द्या, मगच पाणी उपसा. गरम काच हवेत उघडी पडली की तडकते. लाइट गेली तर टँकभोवती जुनी चादर गुंडाळा, वरून थोडी हवा जाऊ द्या आणि त्या वेळात खायला घालू नका.