स्लो कुकरमध्ये मटणाचा रस्सा

स्लो कुकर हे तासन् तास मंद उष्णतेवर शिजवणारे विजेचे भांडे. तो म्हणजे शिट्टी न होणारा प्रेशर कुकर, असे समजून त्यात मटण शिजवले की हमखास पाणचट रस्सा हाती येतो. माझा पहिला रस्सा असाच झाला होता, कारण नेहमीच्या सवयीने मी मटण बुडून वर चार बोटे राहील इतके पाणी घातले होते. प्रेशर कुकरमध्ये वाफेच्या दाबामुळे तापमान 120 अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. स्लो कुकरमध्ये मात्र ते तासन् तास हळूहळू चढत उकळबिंदूच्या जरासे खाली राहते, झाकणाला लागलेली वाफ थेंब होऊन पुन्हा आत पडते आणि पाणी आटत नाही. शिवाय मटण आणि कांदा यांना स्वतःचे पाणी सुटतेच. म्हणून एक किलो मटणाला दीड वाटी गरम पाणी पुरे होते.

मटण खांद्याचे आणि नळीचे, हाडासकट घ्यावे. चिवट भागांमधले कोलाजेन हे प्रथिन मंद आचेवर हळूहळू विरघळून त्याचे जिलेटिन होते आणि रश्श्याला ओठांना चिकटणारा दाटपणा येतो. चरबी नसलेले, बिनहाडाचे मऊ तुकडे इतक्या वेळात कोरडे पडतात.

खरे काम गॅसवरचे आहे आणि ते टाळू नये. स्लो कुकरमध्ये काहीही खरपूस होत नाही, त्यामुळे आत कच्चा गेलेला कांदा आठ तासांनंतरही उकडलेल्या कांद्यासारखाच लागतो. चार कांदे उभे चिरून बदामी रंगावर परतावेत, अर्धी वाटी सुके खोबरे कोरडेच भाजावे आणि दोन्हींचे आले-लसणासह बारीक वाटण करावे. हळद आणि मीठ लावलेले मटण जाड बुडाच्या कढईत मोठ्या आचेवर थोडे थोडे करून तांबूस करून घ्यावे. एकदम सगळे घातले तर पाणी सुटून ते भाजण्याऐवजी शिजू लागते. मग त्याच कढईत वाटण आणि तिखट घालून कडेने तेल सुटेपर्यंत परतावे. तळाशी चिकटलेला तपकिरी थर गरम पाण्याने खरवडून घ्यावा, कारण रश्श्याची निम्मी चव त्यातच असते.

बटाटे घालायचे असल्यास मोठ्या फोडी करून भांड्याच्या तळाशी लावाव्यात, कारण या यंत्रात बटाटा मटणाइतकाच वेळखाऊ असतो. त्यावर मटण आणि मसाला घालावा. भांडे निम्म्यापेक्षा कमी आणि दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. मंद आचेवर साधारण आठ तास, जास्त आचेवर चार ते पाच तास लागतात. मध्ये झाकण उघडून पाहण्याचा मोह आवरावा, कारण प्रत्येक वेळी कोंडलेली उष्णता निघून जाते आणि शिजण्याचा वेळ सुमारे 20 ते 30 मिनिटांनी वाढतो. गरम मसाला आणि कोथिंबीर शेवटच्या अर्ध्या तासात घालावी. नारळाचे दूध वापरणाऱ्यांनी तेही तेव्हाच घालावे, नाहीतर ते फुटते.

सुरक्षिततेच्या दोन-तीन गोष्टींत तडजोड नको. फ्रीजरमधले गोठलेले मटण थेट घालू नये, कारण ते जंतू वाढण्याच्या तापमानात फार वेळ राहते. आपण बाहेर असताना वीज गेली आणि किती वेळ गेली होती हे कळायला मार्ग नसेल, तर जीव हळहळला तरी तो रस्सा टाकून द्यावा. याच भांड्यात कधी राजमा करायचा झाल्यास तो रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात गॅसवर निदान दहा मिनिटे खळखळ उकळल्याशिवाय आत घालू नये. कच्च्या राजम्यातले विषारी द्रव्य स्लो कुकरच्या मंद उष्णतेने नष्ट होईलच असे नाही आणि त्याने जोराच्या उलट्या होतात.

उरलेला रस्सा उथळ भांड्यात काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा. सकाळी तो थरथरत्या वडीसारखा थिजलेला दिसेल. तो बिघडलेला नसतो, ते हाडांमधून उतरलेले जिलेटिन असते. गरम करताना मात्र तो गॅसवरच चांगला उकळावा, स्लो कुकरमध्ये नव्हे.