सणाच्या जेवणाला स्पॅनिश व्हाइट वाइन नेताना

दुकानात स्पॅनिश बाटल्यांची रांग दिसते, ओळखीचं नाव एकही नाही. अशा वेळी किमतीआधी जेवणात काय आहे ते विचारा.

मासे, कोळंबी असेल तर डोळे झाकून रियास बायशासची अल्बारिन्यो (पहिलं नाव प्रदेशाचं, दुसरं द्राक्षाच्या जातीचं; पुढच्या नावांचंही तसंच). स्पेनच्या वायव्येकडच्या गालिसियाच्या समुद्रकाठची ही वाइन आंबटसर असते, लिंबू पिळल्यासारखं काम करते. चिकन किंवा क्रीमचा पदार्थ असेल तर वाल्देओरासची गोदेयो, जरा भरीव. काहीच कळलं नाही तर रुएदाची वेर्देहो. ती बहुतेक सगळ्यांना चालते आणि सहसा स्वस्तही पडते.

लेबलवर ‘बार्रिका’ दिसलं तर लाकडी पिंपाची चव येणार. ती सगळ्यांनाच आवडते असं नाही. वेर्देहो शक्यतो अलीकडच्या वर्षाची घ्या.

बाटली थंड करूनच न्या. सणाच्या दिवशी यजमानांच्या फ्रिजमध्ये जागा कुठली! बर्फ-पाण्याच्या बादलीत अर्धा तास पुरे. फ्रीजरमध्ये मात्र विसरू नका, काच तडकते.