गणितात मागे पडलेल्या मुलासाठी शिकवणीचे सर किंवा मॅडम कसे शोधायचे

माझी भाची नववीत गेली आणि पहिल्याच चाचणीत बीजगणितात २० पैकी ४ मार्क. घरात सगळे घाबरले, आठ दिवसांत एका मोठ्या क्लासला टाकली, वर्षाची फी एकरकमी भरली. चार महिन्यांनी पण तेच मार्क. कारण क्लासमध्ये बहुपदी चालू होत्या आणि हिला अपूर्णांकांची बेरीजच येत नव्हती, आणि हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून सांगते, सर शोधायच्या आधी पोराचं गणित नेमकं कुठे सुटलंय ते शोधा.

त्यासाठी एका रविवारी, ओरडा न करता, पाच-सहा साधी गणितं सोडवायला द्या. तीन चतुर्थांश अधिक दोन पंचमांश. वजा ७ वजा ५. २४० चे १५ टक्के. एका संख्येच्या दुपटीत ५ मिळवले की १७ होतात, तर संख्या कोणती. उत्तर बरोबर की चूक एवढंच बघू नका, कसं केलं ते त्याला बोलून दाखवायला सांगा, सगळं त्यातच कळतं. भाचीने पहिल्याचं उत्तर पाच नवमांश काढलं, म्हणजे वरचे वर मिळवले, खालचे खाली. आणि वजा ७ वजा ५ चं उत्तर अधिक १२, का तर "वजा वजा अधिक होतं ना". तो नियम गुणाकाराचा, तिने बेरजेत लावला, आणि ती हे सहावी-सातवीपासून करत आली होती, कोणी थांबवलंच नाही. हे कागद फेकू नका, पुढे लागतात.

मग शाळेतल्या गणिताच्या बाईंना किंवा सरांना भेटा. शिकवणी घ्याल का असं त्यांना विचारू नका, शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २८ प्रमाणे शाळेतल्या शिक्षकांना खासगी शिकवणी घेता येत नाही. पण तो कुठे अडतो, वर्गात प्रश्न विचारतो का, की मागे बसून फळ्यावरचं नुसतं उतरवून घेतो, हे ते सांगू शकतात.

आता शोधायचं कुठे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "बेस्ट मॅथ्स टीचर सुचवा" टाकलं की जिथे टॉपर जातात त्या क्लासचीच नावं येतात, ती आपल्या कामाची नाहीत. प्रश्न असा विचारा की कोणाचं मूल नापास होत होतं आणि कोणाकडे जाऊन सुधारलं. रिटायर झालेल्या शिक्षिका, एमएस्सी किंवा बीएड करणाऱ्या मुली-मुलं, यांच्यात खूप चांगली माणसं असतात, डिग्री फार मोठी नसली तरी चालते. एकट्याला परवडत नसेल तर तीन-चार मुलांची बॅच चालेल, पण ती मुलं साधारण सारख्याच जागी अडलेली असावीत.

फोनवरच तीन गोष्टी क्लिअर करा. एक, बोर्ड आणि भाग. एसएससीला दहावीत बीजगणित आणि भूमितीचे ४०-४० मार्कांचे वेगळे पेपर असतात आणि २० अंतर्गत, आणि काही जण बीजगणित झकास शिकवतात पण प्रमेय आलं की "पाठ कर" म्हणतात. सीबीएसई असेल तर दहावीला गणिताचा स्टँडर्ड (अवघड) पेपर की बेसिक (सोपा) हेही सांगा. दोन, माध्यम. सेमीवाल्या पोरांचं फार हाल होतं, शाळेत डिनॉमिनेटर आणि शिकवणीत छेद, शाळेत एलसीएम आणि इकडे लसावि, पोराला वाटतं दोन वेगळे धडे आहेत. दोन्ही शब्द जोडून सांगणारं कोणीतरी बघा. तिसरं, सरळ विचारा की मुलगी नववीत आहे पण अपूर्णांकापासून सुरू करायला लागेल, कराल का? जे म्हणतात "पोर्शन मागे पडेल", त्यांना नमस्कार करून पुढे जा.

डेमोचा एक तास मात्र घ्याच, पैसे द्यावे लागले तरी द्या, आणि त्याच खोलीत कोपऱ्यात बसा. सर किती छान समजावतात यावर जाऊ नका. पोरगं चुकलं की ते काय करतात ते बघा. लगेच पेन हातात घेऊन बरोबर उत्तर लिहून देतात, की "हे कसं केलंस, सांग बरं" म्हणतात? हाच सगळ्यात मोठा फरक आहे आणि मी आता फक्त यावरच ठरवते. अजून एक करा, विचारा की "बाजू बदलली की चिन्ह बदलतं" ते का. नियमच आहे तो असं उत्तर आलं तर पुढे बघा. भाचीला शेवटी ज्या मॅडम मिळाल्या त्यांनी तराजू काढून दाखवला, दोन्ही पारड्यांतून सारखेच काढायचे म्हणून, आणि ही नववीतली पोर म्हणाली, "अगं, एवढंच होतं?" मला रडू आलं होतं तेव्हा.

फी महिन्याची ठरवा, वर्षाची एकदम देऊ नका. मोठ्या कोचिंग क्लाससाठी केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये ज्या सूचना काढल्या त्यात मध्येच सोडलं तर उरलेल्या दिवसांची फी १० दिवसांत परत द्यावी असं आहे, आणि मार्कांची गॅरंटी देऊ नये असंही आहे, त्यामुळे "९० ची गॅरंटी" दिसली की सावध व्हा. घरी येऊन शिकवत असतील तर बसायचं हॉलमध्ये, दार उघडं. आठवड्यात दोन-तीन दिवस, एक तास पुरतो, बाकीचे दिवस मुलाने स्वतः वहीत पाच गणितं करायची. जुनी बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात, सहावी-सातवीची काढून ठेवा.

सहा आठवड्यांनी तीच पहिली गणितं आकडे बदलून पुन्हा द्या आणि आधीचा कागद शेजारी ठेवा. चाचणीचे मार्क इतक्यात वाढत नाहीत, त्यावरून सर बदलू नका. पण तीच चूक तशीच असेल, किंवा वहीत सगळी गणितं सरांच्याच अक्षरात असतील, तर बदला. आणि मुलाला एकांतात विचारा, सरांना दोनदा विचारायची भीती वाटते का?

चांगले सर असून, मन लावून करूनही आकडे उलटे लिहिणं, साधा हातचा विसरणं, पाढे आज येऊन उद्या जाणं असं चालूच राहिलं तर त्याला आळशी म्हणू नका, लर्निंग डिसॅबिलिटीची तपासणी करून घ्या. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक हॉस्पिटलमध्ये त्यासाठी वेगळं क्लिनिक आहे. सर्टिफिकेट मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत जास्तीचा वेळ आणि इतर सवलती मिळतात, पण वेळ लागतो, म्हणून दहावीची वाट बघू नका, आठवी-नववीतच जा, आणि जाताना त्याच्या वह्या आणि तो पहिल्या रविवारचा कागद सोबत घ्या.