आरव्ही भाड्याने घेताय? मग या चुका टाळा, प्लीज

उन्हाळा जवळ आला की इथे अमेरिकेत आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच प्रश्न येतो, "आरव्ही घेऊन झायन-ब्राइस करायचंय, कुणी टिप्स देईल का?" (आरव्ही म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची, संडासाची सोय आत असलेली गाडी, आणि झायन, ब्राइस ही युटा राज्यातली नॅशनल पार्क.) आणि खाली ढिगाने उत्तरं. कुठला फोल्डिंग दिवा भारी, कुठल्या खुर्च्या कॉस्टकोत स्वस्त, ॲमेझॉनच्या लिंकांवर लिंका. टाकी कशी रिकामी करायची यावर मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. मग ट्रिपच्या दुसऱ्या दिवशी रात्री साडेदहाला मला फोन येतो, "अरे झोपला नव्हतास ना?" तर ज्या चुकांसाठी हे फोन येतात त्या लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवेन.

सगळ्याची सुरुवात गाडी ताब्यात घेतानाच होते. भाड्याने देणारा माणूस अर्धा तास फिरवून सगळं दाखवतो, वॉटर पंपचा स्विच इथे, गॅसचा व्हॉल्व्ह तिथे, हा काळा पाइप, हा पांढरा. आपली मंडळी तेव्हा काय करत असतात? पोरं वरच्या बेडवर उड्या मारतायत, वहिनी भांडी लावतायत, आणि ज्याने ऐकायचं तो "येस येस, गॉट इट" म्हणत सह्या करतोय, कारण सकाळीच वेगासला उतरलोय आणि आजच्या आज झायन गाठायचंय. बाबांनो, झायन ज्या युटात आहे तिथलं घड्याळ वेगासच्या नेवाडाच्या एक तास पुढे असतं, तो तास तुमच्या हिशोबात नाहीये. शिवाय 25 फुटी गाडी पहिल्यांदा हातात, त्यात अंधार, अनोळखी कॅम्पग्राउंड आणि रिव्हर्स. मी तर पहिली रात्र वेगासच्या आसपासच काढतो आणि तो माणूस जे जे दाखवतो त्याचा फोनवर व्हिडिओ घेतो, त्याला बोलता ठेवून. पुढे सगळ्यात जास्त कामाला तोच येतो. यूट्यूबवर दहा व्हिडिओ बघितलेत म्हणून हे टाळू नका, ती गाडी वेगळी होती.

आता माझा आवडता विषय. नाश्ता करत असाल तर नंतर वाचा.

आरव्हीला घाण पाण्याच्या दोन टाक्या असतात. सिंक आणि शॉवरचं पाणी ग्रे टँकमध्ये, संडासचं ब्लॅक टँकमध्ये. फुल हूकअपची, म्हणजे वीज, पाणी आणि गटार तिन्ही जोडता येणारी, जागा मिळाली की पाइप थेट गटाराच्या तोंडाला जोडता येतो, आणि इथेच हुशार माणूस फसतो. आमचे एक मित्र, नाव सांगत नाही कारण त्यांची बायको हे वाचणार आहे, इंजिनिअर माणूस. दोन कुटुंबं, दोन गाड्या, झायनजवळ तीन रात्री फुल हूकअप. त्यांनी पहिल्याच संध्याकाळी पाइप जोडला, दोन्ही व्हॉल्व्ह उघडले आणि हात झटकत म्हणाले, "चला, आता आपोआप वाहत राहील, विषयच संपला." मी म्हटलं काळा बंद ठेव, तर मला ग्रॅव्हिटी समजावून सांगितली.

ग्रॅव्हिटीचं काय होतं ते सांगतो. उघड्या व्हॉल्व्हमधून पाणी निघून जातं आणि जे पाणी नाही ते तिथेच बसतं. बरोबर कमोडच्या खाली. त्यावर कागद, त्यावर परत तेच, आणि वरून जुलैचं ऊन. तिसऱ्या दिवशी वास यायला लागला तर म्हणे शेजारच्या गाडीचा असेल. पुढे युटातल्याच मोआब गावी पोचलो तर पॅनेलवर काळी टाकी फुल्ल, व्हॉल्व्ह उघडला तर चमचाभर पाणी. डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागी, मागे चार गाड्यांची रांग, त्यातल्या एका आजोबांनी खाली उतरून पाच सेकंद बघितलं आणि विचारलं, व्हॉल्व्ह उघडा ठेवला होतास ना? त्यांनी एवढंच विचारलं आणि परत गाडीत जाऊन पेपर वाचायला लागले. पुढचा दीड दिवस आमचं काम म्हणजे कमोडमधून बादलीने पाणी ओतणं, रात्रभर मुरू देणं, गाडी थोडी फिरवून हिंदकळवणं, सोडणं, परत ओतणं. आर्चेस नॅशनल पार्क तिथून दहा मिनिटांवर, तो राहिला बाजूला. वहिनी आणि पोरं रात्री टॉर्च घेऊन कॅम्पग्राउंडच्या संडासाला, आणि ग्रॅव्हिटीबद्दल पुन्हा कुणी काही बोललं नाही.

तर काळा व्हॉल्व्ह कायम बंद. टाकी साधारण दोन तृतीयांश भरली की सोडायची, म्हणजे पाण्याच्या जोराने सगळं निघतं. आधी काळी, मग करडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइपही धुतला जातो. रिकामी केल्यावर एक-दोन गॅलन पाणी आणि औषधाची पुडी आत टाकायची, टाकी कोरडी ठेवायची नाही. पाणी भरपूर वापरा, आपल्या मगाच्या सवयीचा इथे फायदाच होतो. ओले वाइप्स कधीच टाकू नका, पाकिटावर फ्लश करता येतात असं छापलेलं असलं तरी नाही. पॅनेलवरच्या लाइटवर फार विसंबू नका, सेन्सरला कागद चिकटला की रिकामी टाकीही भरलेली दाखवते. मी हे काम पहाटे आंघोळीच्या आधी करतो, तेव्हा डंप स्टेशनला रांग नसते आणि घाई करायला मागे कुणी नसतं. हातात डिस्पोजेबल ग्लोव्ह्ज आणि पाइपच्या टोकाला पारदर्शक एल्बो, म्हणजे वाकडा जोड. आत काय चाललंय ते दिसतं, बघवत नाही पण दिसतं.

आणि पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळा, टाकी धुवायचा वेगळा. दोन्ही एका डब्यात ठेवलेले बघितलेत मी. घरी पाळा न पाळा, इथे मात्र सोवळं-ओवळं कडक. पिण्याच्या पाइपला नळाच्या बाजूने पितळी प्रेशर रेग्युलेटर लावा. काही जुन्या कॅम्पग्राउंडमध्ये पाण्याला इतकं प्रेशर असतं की आतला प्लंबिंगचा जोड सुटतो आणि तुम्ही हाइकवरून परत येता तर गालिचा ओला.

दुसरा फोन येतो विजेचा. "लाइट सारखी जातेय रे, कॅम्पग्राउंडच भंगार आहे." कॅम्पग्राउंड भंगार नसतं. भाड्याच्या बहुतेक लहान-मध्यम गाड्या 30 ॲम्पच्या असतात, म्हणजे 120 व्होल्टला सगळं मिळून 3600 वॉट. छतावरचा एसी 12-13 ॲम्प ओढतो, मायक्रोवेव्ह तेवढेच, इन्स्टंट पॉट, म्हणजे विजेचा कुकर, आठ-नऊ. तिन्ही एकदम लावा, ब्रेकर पडणारच, आणि दुपारी एकला भात लावताना आपण नेमकं तेच करतो. त्यात गीझर विजेवर चालू राहिलेला असतो हे कुणाच्या लक्षातच नसतं. गीझर गॅसवर टाका, अर्धी तक्रार तिथेच मिटते. हेअर ड्रायर चालू करायचा तर एसी बंद, यावर घरात आधीच ठरवून घ्या.

ब्रेकर पडला की कारण न शोधता परत वर, परत वर करणारे लोक मला बघवत नाहीत. एकाने असं करत करत प्लगची पिन काळी करून घेतली, कारण कॅम्पग्राउंडच्या विजेच्या खांबावरचं जुनं सॉकेट ढिलं होतं आणि प्लग आतून तापत होता. हात लावून बघायचा, गरम लागला तर लोड कमी करायचा, आणि मॅनेजरला सांगून जागा बदलून घ्यायची. खांबावरचा ब्रेकर बंद करूनच प्लग लावायचा आणि काढायचा. सर्ज प्रोटेक्टर महाग वाटतो पण ज्याला वर्षातून दोनदा जायचंय त्याने घ्यावाच.

याच्या उलट कॅलिफोर्नियातलं योसेमिटी नॅशनल पार्क. आतल्या कॅम्पग्राउंडमध्ये हूकअपच नाहीत आणि जनरेटर सकाळी 7 ते 9, दुपारी 12 ते 2, संध्याकाळी 5 ते 7 एवढाच चालतो. बुकिंग मिळाल्याच्या आनंदात हे कुणी वाचत नाही, मग रात्री नऊला प्लग पॉइंट चालत नाहीत म्हणून फोन. बॅटरीवर आतले लाइट, पंप चालतात, मायक्रोवेव्ह नाही. आणि पेट्रोल पाव टाकीच्या खाली गेलं की जनरेटर आपोआप बंद पडतो, तो बिघाड नाही, तुम्ही जंगलात अडकू नये म्हणून तशी सोयच आहे.

स्वयंपाक. आरव्हीच्या आत फोडणी देऊ नका. अलार्म कोकलतो, मग कुणीतरी महाभाग त्याची बॅटरी काढून ठेवतो, आणि त्याच रात्री थंडी वाजते म्हणून गॅसची शेगडी पेटती ठेवून झोपायचा विचार करतो. हे मस्करीत घेऊ नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. शेगडीवर गाडी गरम करायची नाही, झोपताना जनरेटर चालू ठेवायचा नाही, अलार्मला हात लावायचा नाही. फोडणीसाठी दोन बर्नरची प्रोपेनची शेगडी बाहेर पिकनिक टेबलावर मांडा, वाऱ्याच्या बाजूला आडोसा करा, हळदीचे डाग गाडीच्या पांढऱ्या प्लॅटफॉर्मवर पडून डिपॉझिट जाण्यापेक्षा बरं. कढईतलं तेल सिंकमध्ये ओतू नका, कागदाने पुसून कचऱ्यात. इडलीचं पीठ न्यायचं असेल तर अर्धाच डबा भरा, बाकी वळणावर कळेल.

रस्त्याचं थोडक्यात. गाडीची उंची चिठ्ठीवर लिहून स्टीअरिंगसमोर चिकटवा, नेहमीच्या गूगल मॅपला ती माहीत नसते. झायनच्या पूर्वेच्या बोगद्यात 11 फूट 4 इंच उंची आणि 7 फूट 10 इंच रुंदीच्या वरच्या गाड्यांवर निर्बंध आहेत, भाड्याच्या आरव्ही सहसा त्यात अडकतात, तेव्हा ब्राइसला जायला सरळ आय-15 हायवे आणि 20 नंबरचा रस्ता धरा. मोंटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कच्या गोइंग-टू-द-सन रोडच्या मधल्या भागात तर 21 फुटांच्या वरची गाडी चालतच नाही. आणि दर वेळी पाइप-वायर सोडून घरासकट फिरायला जायची हौस पहिल्या दिवशीच फिटते. पार्कच्या आत शटल बस असतात, त्या वापरा.

ऑनिंग, म्हणजे गाडीच्या बाजूची कापडी छत्री, उघडी टाकून फिरायला जायचं नाही, वाळवंटातला वारा सांगून येत नाही. निघताना पायरी आत, खिडक्या बंद, कपाटांच्या कड्या लावलेल्या, आणि एकाने गाडीभोवती पूर्ण चक्कर मारायचीच. रिव्हर्सला मागे माणूस उभा पाहिजे, कॅमेरा असला तरी. शेकोटीची लाकडं लांबून नेऊ नका, त्यातून कीड पसरते आणि बऱ्याच ठिकाणी बंदी आहे, तिथलीच विकत घ्या.

खरेदीचं म्हणाल तर रील्समधल्या त्या गोंडस वस्तू सोडा. चाकाखाली ठेवून गाडी सपाट करायचे लेव्हलिंगचे पिवळे ठोकळे, हेडलॅम्प, टायरचं प्रेशर मोजायचं यंत्र, 30 ॲम्पचा प्लग 50 ॲम्पच्या सॉकेटात लावायचा अडॅप्टर, ग्लोव्ह्जचं खोकं, घडीची बादली. ठोकळे विसरू नका, जुन्या पद्धतीचा गॅसवरचा फ्रिज गाडी तिरकी असली की नीट थंडच होत नाही आणि मग श्रीखंडाचं काय होतं ते बघवत नाही.

गाडी परत देण्याच्या दिवशी दोन्ही टाक्या आदल्या कॅम्पग्राउंडलाच रिकाम्या करा. रिटर्नच्या सकाळी वेगासमध्ये डंप स्टेशन शोधत फिरलात तर फ्लाइटही जाईल आणि भरलेली टाकी परत दिल्याचे पैसेही कापले जातील.