नायट्रस ऑक्साईड: क्रीमच्या बाटलीपासून दाढेच्या खुर्चीपर्यंत, कसा वापरायचा आणि कुठे जपायचं

नायट्रस ऑक्साईड म्हणजेच लाफिंग गॅस म्हटलं की कुणाला डेंटिस्ट आठवतो, कुणाला पार्टीत फुगे ओढून खिदळणारी पोरं, पण हाच गॅस केकवरचं क्रीम फुलवतो, बाळंतपणात कळा सुसह्य करतो आणि रेसिंगच्या गाडीतही असतो.

आधी क्रीम, कारण घरी वापरायचा प्रश्न येतो तो इथेच. स्टीलचा सायफन, म्हणजे गॅसच्या दाबाने क्रीम फुलवायची बाटली, घ्या, डोकंसुद्धा धातूचंच हवं, पैसे वाचवायला प्लॅस्टिकच्या डोक्याचा घेऊ नका. फ्रान्समध्ये २०१७ साली घरातला सायफन फुटून छातीवर बसला आणि एका बाईचा जीव गेला, म्हणजे हे उगाच घाबरवणं नाही. क्रीम व्हिपिंगचंच आणायचं, निदान ३० टक्के फॅटचं, साधं फ्रेश क्रीम साधारण २५ टक्क्यांचं असतं ते नीट उभं राहत नाही. रात्रभर फ्रिजमध्ये (फ्रीजरमध्ये नाही!) गार करून त्यात पिठीसाखर विरघळवा आणि गाळून घ्या, एक गुठळी जरी राहिली तरी नोझल चोंदतं आणि मग सगळे वैतागतात. आमरस घालायचा असेल तर तोही बारीक गाळणीतून, हापूस असला तरी धागा थोडाफार असतोच. बाटलीवरच्या खुणेपर्यंतच भरा, रबरी वॉशर जागेवर आहे ना बघा, मग ८ ग्रॅमचा चार्जर, म्हणजे या गॅसची छोटी धातूची नळकांडी, लावून फिरवा, फुस्स आवाज थांबला की आठदहा वेळा हलवा, बाटली पूर्ण उलटी धरा आणि हळू दाबा. अर्ध्या लिटरच्या सायफनला एक चार्जर पुरतो, एक लिटरच्याला दोन. हा गॅस फॅटमध्ये चांगला विरघळतो म्हणून क्रीम फुलतं, आणि सोड्याचा चार्जर चुकून लावलात तर त्यात कार्बन डायऑक्साईड असतो, क्रीम आंबट लागेल.

धुवायला उघडायच्या आधी बाटली सरळ धरून लिव्हर दाबा आणि सगळा गॅस सोडून द्या, आवाज पूर्ण बंद झाल्याशिवाय डोकं फिरवायचं नाही. अडकलंय म्हणून पक्कड वगैरे अजिबात नको. चार्जर उन्हात, गाडीच्या डिकीत, गॅसच्या शेगडीजवळ ठेवू नका, आणि हा गॅस स्वतः पेटत नसला तरी दुसऱ्याच्या आगीला ऑक्सिजनसारखा हातभार लावतो हे लक्षात असू द्या.

गाडीचं तत्त्वही तेच. साधारण ३०० डिग्रीला गॅस फुटून नायट्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात, जास्त ऑक्सिजन म्हणजे जास्त पेट्रोल जळतं, जास्त ताकद. इंजिनात हा गॅस सोडणारं किट गल्लीतल्या मेकॅनिककडून रोजच्या गाडीला बसवू नका, मिश्रण चुकलं की पिस्टन वितळतो.

आता दवाखाना. अमेरिकेतल्या हार्टफर्डचा दातांचा डॉक्टर होरेस वेल्स याने १८४४ मध्ये हा गॅस घेऊन स्वतःचीच दाढ काढून घेतली, तिथून दातांच्या डॉक्टरांकडे त्याची सुरुवात झाली. आज नाकावर मास्क लावून ऑक्सिजनसोबत देतात, आणि काम झालं की काही मिनिटं नुसता ऑक्सिजन, तो पूर्ण घेतल्याशिवाय खुर्चीतून उठायची घाई करू नका. आधी डॉक्टरांना काय सांगायचं: नाक चोंदलंय का, डोळ्याचं किंवा कानाचं ऑपरेशन नुकतंच झालंय का (डोळ्यात गॅसचा बुडबुडा ठेवला असेल तर हा गॅस नकोच, नजर जाऊ शकते), फुफ्फुसाचा त्रास आहे का, गर्भारपण आहे का, आणि बी१२ जीवनसत्त्व कमी आहे का. हे शेवटचं लोक सांगत नाहीत, कारण त्याचा इथे काय संबंध असं वाटतं; तो शेवटी येतोच.

बाळंतपणात देतात तो एन्टोनॉक्स, निम्मा हा गॅस आणि निम्मा ऑक्सिजन. इंग्लंडमध्ये बाळंत झालेल्या आपल्या मुली 'गॅस अँड एअर' म्हणतात तो हाच. असर व्हायला अर्धा मिनिट तरी लागतो म्हणून कळ सुरू होताक्षणी ओढायला लागायचं, कळ भरात आल्यावर घेतला तर तो पोचेपर्यंत ती ओसरलेली असते. मास्क बाईने स्वतःच धरायचा, सासूबाईंनी किंवा नवऱ्याने नाही, कारण गुंगी जास्त झाली की हात आपोआप खाली पडतो आणि गॅस थांबतो, हीच तर त्यातली सोय आहे.

आणि फुगे. दवाखान्यात ऑक्सिजन सोबत असतो, फुग्यात नसतो, तिथे माणूस बेशुद्ध पडून जिवालाही मुकू शकतो, बंद खोलीत तर जास्तच. मोठ्या सिलिंडरमधून थेट तोंडात घेतलं तर ओठ, घसा बर्फाने भाजल्यासारखे होतात. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ पासून नशेसाठी जवळ बाळगणंही गुन्हा केलाय. पण मला जास्त काळजी बी१२ची वाटते: हा गॅस शरीरातलं बी१२ निकामी करतो, वारंवार घेतला की मज्जारज्जूला इजा होते, आणि आपल्याकडे शुद्ध शाकाहारी घरांत बी१२ मुळातच तळाला असतं. पायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, चप्पल पायातून निसटली तरी न कळणं असं काही दिसलं तर न्यूरोलॉजिस्टकडे जा आणि गॅस घेतल्याचं लपवू नका. रक्तातलं बी१२ नॉर्मल आलं म्हणून परत फिरू नका, ते आकड्यात दिसतं पण काम करत नसतं, बी१२ खरंच काम करतंय का ते दाखवणाऱ्या होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलॉनिक अॅसिड या तपासण्या करायच्या का ते विचारा, आणि तोवर नुसत्या फॉलिक अॅसिडच्या गोळ्या मनाने सुरू करू नका.